दोन मराठींचा एक तक्ता

…आणि वर मलाच विचारतात, बन्सीलाल मास्तर, तुमच्या शाळेत एवढ्या चुका कशा? तुम्हाला सांगतो, विसरवाडीच्या शाळेत सोळा वर्षं लाल पेन्सिल झिजवली मी, आणि त्यातली चौदा वर्षं चूक म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. नंतरची दोन वर्षं मात्र… पण थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर सुटला सुरतच्या रस्त्यावरच्या ट्रकसारखा.

तर मी मूळचा तापीकाठचा, गुजर माणूस. घरी गुजरी, बाजारात अहिराणी, आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की मराठी. माझं हे असं, मग डोंगरातून येणाऱ्या पोरांचं काय होत असेल? घरी मावची, आणि इथं आल्या आल्या पुढ्यात काय, तर टिंबं. तेव्हाची मराठी आठवते ना? 'नाहीं'वर टिंब, 'गांव'वर टिंब, 'नांव'वर टिंब, 'घरांत'वर टिंब, 'कांहीं'वर तर एक सोडून दोन, आणि तोंडानं म्हणताना त्यातलं एकही ऐकू येत नाही. पोरं विचारायची, गुरुजी, जे ऐकू येत नाही ते लिहायचं कशावरून? आता यात चूक कोणाची?

म्हणून मी तक्ता केला. हा एवढा मोठा पुठ्ठा, त्यावर बोरूनं लिहिलेले बारा प्रश्न. लिहून झालं की आपली पाटी घेऊन तक्त्यापुढं उभं राहायचं आणि एकेक वाक्य त्या बारा प्रश्नांतून काढायचं, चाळणीतून पीठ काढतात तसं. वस्तू कशाच्या आत आहे का? टिंब. नाही म्हणायचंय का? टिंब. वाक्यात 'मी' आहे का? मग क्रियापदावर टिंब… मी जातों, मी खातों, बाई असेल तर मी जातें, मी खातें. अर्थ कळो न कळो, चूक बरोबर सापडायची. पोरं मला न विचारता आपली चूक आपण शोधायची, आणि खरं सांगतो, मास्तराला याच्याहून मोठं सुख नसतं.

आणि मग बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला वरून नियम आले. ज्याचा उच्चार होत नाही ते टिंब द्यायचं नाही. झालं. मी कागद तीनदा वाचला. वाईट वाटलं का? नाही हो, नियम चांगलाच होता, पोरं इतकी वर्षं तेच तर म्हणत होती. पण आमचे हेडमास्तर सुकलालभाऊ माझ्या तक्त्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि शाळेत अहिराणी बोलायचं नाही हा नियम त्यांनी स्वतः केलेला, तो विसरून म्हणाले, "बन्सीलाल, तुन्हा तक्ता आते जुना व्हई गया."

काढून टाकायचा तर तेही जमेना. कारण नवी पुस्तकं आली पहिलीला. वरच्या वर्गांची जुनीच. म्हणजे एकाच शाळेत, एकाच छपराखाली, या भिंतीला 'नाही' आणि त्या भिंतीला 'नाहीं'. मधल्या दाराशी मी.

तेवढ्यात सुसाना आली.

सुसाना म्हणजे आमचीच जुनी विद्यार्थिनी, नवापूरकडच्या डोंगरातली. सहावीपर्यंत शिकली, त्याच तक्त्यापुढं उभी राहून. मग लग्न झालं, नवरा इसहाक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा, तीही जायची. आता तिची मुलगीच पहिलीत बसलेली. आणि ही मला म्हणते, "गुरुजी, मला सातवीच्या परीक्षेला बसायचं आहे." का, तर डोंगरातल्या शाळांना बाया पाहिजेत, सातवी पास झालेली असेल तर शिकवायचं शिक्षण देऊन घेणार होते. वयाची अट होती. या वर्षी बसली तर बसली, पुढच्या वर्षी तिचं वय उलटत होतं.

इसहाक दारात उभा होता, हातावर खडीची पांढरी धूळ. मी विचारलं, तुझं काय म्हणणं? म्हणाला, "गुरुजी, ती रात्री खडीची स्वप्नं पाहते. दुसरं काही पाहू द्या."

मी तिला लिहायला बसवलं. दहा ओळी. वाचल्या आणि मला घाम फुटला. एका ओळीत 'नाहीं', दुसऱ्या ओळीत 'नाही'. कसं झालं असेल? अहो, लहानपणी शिकली जुनं, आणि आता सराव करत होती मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावरून, ते नवं. दोन्ही अगदी मन लावून शिकलेली. आता यात चूक कोणाची?

मी तो कागद सुकलालभाऊंना दाखवला. सातवीचे पेपर तेही तपासायचे, आणि ते नव्या नियमांचे. म्हणाले, एकवीस चुका, नापास. मग शनिवारी नंदुरबारला गेलो, तिथं प्रेमचंद मास्तर होते, वर्षानुवर्षं पेपर तपासणारे, टिंबाला टिंब ठेवणारे. त्यांनी चष्मा पुसला, कागद वाचला, म्हणाले, "एकोणीस चुका. नापास. मुलगी हुशार दिसते, पण शिस्त नाही." मी येताना गाडीत दोन्ही खुणा शेजारी शेजारी ठेवून बघतो तर काय… एकाची चूक ते दुसऱ्याचं बरोबर, आणि त्याचं बरोबर ते याची चूक. चाळीसच्या चाळीस शब्द कोणा ना कोणाच्या मते बरोबर होते, आणि बाई दोन्हीकडे नापास. आणि परीक्षेला पेपर यांच्यातल्या कोणाकडं जाईल, हे सांगणार कोण?

मग मी दुसरा तक्ता केला. दोन रकाने, डावीकडं जुनं, उजवीकडं नवं, आणि अगदी वर एक प्रश्न जास्तीचा: प्रश्नपत्रिकेची पहिली ओळ बघ. 'खालीलपैकीं कोणतेही पांच' असं टिंबवालं असेल तर डावा रकाना धर, 'खालीलपैकी कोणतेही पाच' असेल तर उजवा. ज्यानं पेपर काढला तोच सांगतो की तो कुठल्या मराठीचा आहे. मला माझी अक्कल इतकी आवडली की मी सुकलालभाऊंना चहा पाजला.

चार दिवसांनी सरावासाठी छापलेली प्रश्नपत्रिका आली. सुसानानं पहिली ओळ वाचली, मग पुन्हा बोट ठेवून वाचली. मी म्हटलं, काय गं, डावा की उजवा? ती म्हणाली, "गुरुजी, 'खालीलपैकीं'ला टिंब आहे. 'पाच'ला नाही."

म्हणजे पेपर काढणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं तो कुठल्या मराठीचा आहे. मला राग नाही आला, खोटं कशाला बोलू. मला तो माणूस दिसला… कुठंतरी खुर्चीवर बसलेला, माझ्याच वयाचा, 'पैकीं' हातानं लिहून गेला आणि 'पाच'पाशी त्याला नियम आठवला. आता यात त्याची तरी काय चूक?

मग तिसरा तक्ता. हा मी रडकुंडीला येऊन केला. एकच नियम: ज्या शब्दाच्या टिंबावरून भांडण आहे तो शब्दच लिहायचा नाही. दोन्ही मराठीत जे सारखं, तेवढंच लिहायचं. 'गाव' म्हणू नको, विसरवाडी म्हण. 'बाजारात गेली' म्हणू नको, 'बाजाराला गेली' म्हण. यादी करत गेलो, आणि करता करता माझा हात थांबला. कारण 'मी' आला की क्रियापदावर भांडण, मी जाते की जातें, मी आले की आलें? म्हणजे 'मी' गेलं. आणि 'नाही'वर तर सगळ्यात मोठं भांडण. म्हणजे 'नाही' पण गेलं.

मी तिला म्हटलं, सुसाना, मला लाज वाटते सांगायला, पण 'मी' लिहायचं नाही आणि 'नाही' म्हणायचं नाही. जमेल का?

ती हसली. म्हणाली, "गुरुजी, सासरी आठ वर्षं तसंच चाललंय."

मी पेन्सिलीला टोक काढत बसलो.

दोन महिने रोज शाळा सुटल्यावर ती यायची. स्वतःबद्दल लिहायचं तर लिहायची, 'सुसाना लवकर उठते. सुसाना पाणी आणते. सुसाना खडी फोडते.' दोन्ही मराठीत बिनचूक. एकही लाल खूण नाही. आणि मला मात्र वाचवेना. कोणीतरी दुरून तिच्याकडं बघतंय आणि लिहून घेतंय, असं वाटायचं. ती मात्र लिहीत राहायची. एक दिवस फक्त विचारलं, "गुरुजी, हे असं किती दिवस?" मी म्हटलं, पास होईपर्यंत.

परीक्षा नंदुरबारला. मी आणि इसहाक बाहेर लिंबाखाली बसलो. मिरची वाळवायचे दिवस, वारा आला की दोघंही शिंकायचो, त्यामुळं डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कोणी विचारलं नाही. ती बाहेर आली. मी विचारलं, निबंध कोणता? म्हणाली, "मी शिकून काय करणार."

विषयातच 'मी'. मी म्हटलं, मग सुसाना सुसाना असंच लिहिलंस ना सगळं? ती म्हणाली, "पहिलं पान तसंच लिहिलं, गुरुजी. मग दुसऱ्या पानावर मला दिसलं, की 'करीन'ला टिंब नाही."

मी म्हटलं, काय?

"मी करीन. मी शिकेन. मी शिकवीन. जुन्यात पण टिंब नाही, नव्यात पण नाही. 'मी गेलें' त्याला आहे, 'मी जातें' त्याला आहे, पण 'मी जाईन' त्याला कोणाचंच भांडण नाही. मग मी सगळं तसंच लिहिलं. पान भरून."

तुम्हाला सांगतो, सोळा वर्षं मी व्याकरण शिकवलं. तीन तक्ते केले. काळ तीन असतात हे पोरांकडून घोकून घेतलं, रोज, छडी आपटून. पण त्यातल्या एका काळात 'मी' मोकळेपणानं लिहिता येतं, हे मला दिसलं नाही. मी 'मी' सरसकट खोडून टाकला होता. आता यात चूक कोणाची, हे मला तरी कोणी विचारू नका.

ती पास झाली. मराठीत काठावर नाही, चांगल्या गुणांनी. पेपर सुकलालभाऊंकडं गेला होता की प्रेमचंद मास्तरांकडं, मला कधीच कळलं नाही. दोघांनाही विचारलं, दोघंही म्हणाले, आमच्याकडं एक फार स्वच्छ पेपर आला होता.

मग तिचं शिक्षण झालं, डोंगरात शाळा मिळाली, एका खोलीची. परवा विसरवाडीच्या फाट्यावर भेटली, खडूची पेटी घेऊन गाडीची वाट बघत होती. मी विचारलं, कसं काय चाललंय बाई, मुलं लिहितात का? म्हणाली, "लिहितात ना. आधी फळ्यावर मावचीत लिहिते मी, ते ती घडाघडा वाचतात. मग हळूहळू मराठी."

आता जित्याची खोड, माझ्या तोंडून निघून गेलंच. म्हटलं, मावचीत? अगं, मग टिंब कुठं द्यायचं?

म्हणाली, "ऐकू येतं तिथं देते, गुरुजी. त्याचे नियम अजून वरून आलेले नाहीत."

मी इकडं तिकडं बघितलं. फाट्यावर ओळखीचं कोणी नव्हतं. म्हटलं, बाई, मग कोणाला बोलू नकोस. नियम येईपर्यंत शिकवून घे.