मागच्या सीटची चाचणी

ड्रेसिंगच्या खोलीबाहेर बसलेल्या आजोबांचा फक्त अंगठा मुरगळला होता, कान शाबूत होते. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. शेजारी पोटरी भाजलेली एक बाई आणि हाफ पँटमधले एक गृहस्थ बोलत होते.

“सायलेन्सरनं भाजलं का?”

“हो, गाडीवरून उतरताना पाय टेकला.”

“कोणती गाडी? ती लाल, चकचकीत पाइपवाली?”

“तीच. ज्यानं तो पाइप डिझाइन केला ना, त्याला एकदा मागे बसवायला हवं.”

“हवंच. अक्कल गहाण टाकली होती त्यानं.”

“ओळखता त्याला?”

“रोज दाढी करताना भेटतो.”

“म्हणजे तुम्हीच?”

“मीच. आवाज तपासला, धूर तपासला. पाइप झळकावा म्हणून वरचं झाकण आखूड केलं. त्याबद्दल हारसुद्धा घालून घेतला.”

“आणि चटका नाही तपासला?”

“तपासला की. सगळे जाड बूट घालून पुढच्या सीटवर बसायचे. मीही.”

“मागे कुणीच नाही बसलं?”

“मागे बायको बसते.”

तेवढ्यात दार उघडलं. पोटरीला पट्टी बांधलेली त्या गृहस्थांची बायको लंगडत बाहेर आली.

“यांना सांगितलंत का, पाइप कुणाचा ते?”

“सांगितलं.”

“बरं केलंत. आता चावी द्या. घरी जाताना मी चालवते, तुम्ही मागे बसा.”

“अगं, पण मी हाफ पँटवर आहे.”

“म्हणूनच.”