रॉनीच्या तसबिरीसाठी

हलले नाही हो मी. खांदा अवघडला म्हणून जरासा सैल सोडला, एवढंच. तुम्ही रंगवा. आणि मघाशी काय विचारत होतात – रॉनी अशीच ताठ बसायची का? छे! माझी बहीण कुठली ताठ बसतेय! कुणाच्याही घरात जाऊन खुर्चीत टेकली की ते घर तिचंच वाटायचं. ताठ बसते ती मी. पण चित्र काढायचंय तिचं आणि बसवलंय मला, तेव्हा घ्या आता माझाच ताठपणा – नगरभवनाच्या भिंतीवर कुणाला कळतंय? कल्पना कुणाची, सांगितलं का तुम्हाला? कमिटीची नाही. टॉमची. रॉनीच्या नवऱ्याची. ती जिवंत होती तोवर कधी चित्राला बसली नाही, ‘आधी रस्त्यातले खड्डे बुजवा, मग माझं तोंड रंगवा’ म्हणायची – आणि फोटो आहेत ते सगळे गर्दीतले, तोंड दिसतं तर खांदे दिसत नाहीत. तेव्हा हा म्हणाला, ‘मिलीचे खांदे हुबेहूब रॉनीचे आहेत, तिलाच घाला ना रॉनीचा हा निळा कोट.’ चाळीस-पन्नास वर्षांत टॉमला माझे खांदे आठवले नव्हते. आठवले ते असे.

ती भिंत पाहिलीत ना तुम्ही? ओळीनं सगळे महापौर. सुरुवातीचे तर नुसत्या दाढ्याच आहेत – जहाजांचे मालक ते, त्यांची निवडणूक जेवणाच्या टेबलावर व्हायची, ‘या खेपेला तू हो, पुढच्या खेपेला मी.’ मग आले आयरिश. तो गुलाबी गालांचा, पोटावर घड्याळाची साखळी – तो गॅरिटी. म्हातारा होऊन मेला तेव्हाच खुर्चीतून उठला. त्याच्या गुत्त्यात मतदानाच्या दिवशी सकाळपासून बिअर फुकट. आमचे बाबा म्हणायचे, ‘आपल्या स्लोव्हाक माणसाला इथं जिवंतपणी कुणी विचारत नाही, आणि त्यांची मेलेली माणसं दोन-दोनदा मत टाकून जातात!’ खरंच होतं ते. पोर्ट ब्रॅनिगनमध्ये नदीच्या अलीकडे आम्ही, गोदीवर राबणारे, पलीकडे ते. मतं आमची, महापौर त्यांचा. त्या भिंतीवर आमचं हुडाक हे आडनाव दिसलं तुम्हाला? नाही ना? दिसणारही नाही. तुमच्या या चित्राखालीसुद्धा पितळेच्या पट्टीवर ‘वेरॉनिका कॅलहन’ असंच येणार आहे. कॅलहन, टॉमचं आयरिश आडनाव! आमच्या बाबांची मुलगी!

थकले नाही, तुम्ही काढा. बोललं की बसणं सोपं जातं. गॅरिटीनंतर तो पेल आला – चष्मेवाला, सुधारणावाला. बिचारा वाईट नव्हता, पण त्याला बर्फानं खाल्लं. त्या जानेवारीत असा बर्फ पडला की दार उघडावं तर समोर भिंत! आणि पेल कुठे? फ्लोरिडात, उन्हात पाय पसरून. बर्फ काढणारी यंत्रं फिरली ती फक्त त्याच्या ओळखीपाळखीच्या गल्ल्यांतून. टेकडीवर काळ्या लोकांची वस्ती आहे ना – तिथं एकही गाडी गेली नाही. आणि तिथं ओडेसा प्रूइट म्हणून बाई होती, तिची आई त्याच आठवड्यात गेली. घरात शवपेटी, आणि रस्ता नाही. मला कसं कळलं? मी गोदी कामगारांच्या युनियनच्या कचेरीत टायपिंग करायचे, फोन मीच घ्यायचे. ओडेसा फोनवर रडत नव्हती हो – ती म्हणाली, ‘बाई, मला फक्त सांगा, माझ्या आईला मी न्यायचं कसं?’ मी फोन ठेवला, गोदीवर गेले, आणि जेवढे बाप्ये हाती लागले तेवढ्यांच्या हातात फावडी दिली. मीही घेतलं. टेकडीच्या पायथ्यापासून तिच्या दारापर्यंत आम्ही उपसत गेलो. हातांची सालटी निघाली. दुपारी शववाहिका वर आली तेव्हा ओडेसानं माझा हात धरला आणि म्हणाली, ‘मिली हुडाक, तू एक दिवस निवडणुकीला उभी राहा. ही टेकडी तुझी.’

आणि रॉनी? आली ना रॉनीही! शेवटी आली, मोठं पातेलं घेऊन, कोबीचं सूप. त्याच वेळी वर्तमानपत्राचा फोटोवालाही वर पोचला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर – रॉनी, हातात डाव, वाफेतून हसतेय. मागे कुणीतरी वाकून फावडं मारतंय. नुसती पाठ. ती पाठ माझी. तुम्ही आज रंगवताय तीच.

मुद्दाम केलं असं नाही म्हणत मी! रॉनी मुद्दाम काहीच करायची नाही. तेच तर. मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं. ती नुसती यायची आणि सगळं तिच्याकडे वळायचं – माणसं, कुत्री, फोटोवाले, ऊनसुद्धा.

मग वसंतात बाबांनी सगळ्या स्लोव्हाक मंडळींना चर्चच्या तळघरात बोलावलं. रविवार, प्रार्थना आटोपलेली, बायका पिरोही – आमच्या सारणाच्या करंज्या – तळतायत. मी नवीन ब्लाउज शिवून घेतला होता – कशाला सांगतेय मी हे तुम्हाला? असो. सगळ्यांना ठाऊक होतं बाबा महापौरपदासाठी कुणाचं नाव घेणार. बाबा उठले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, ‘या खेपेला आपण जिंकायचंय. हुडाक नावाला नदीपलीकडे कुत्रं विचारणार नाही. कॅलहन नावाला विचारतील. आमची रॉनी कॅलहन आहे.’ टाळ्या! रॉनी लाल झाली, माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मिली? बाबा, मिली उभी राहतेय ना?’ आणि बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मिली शहाणी आहे. तिला हिशोब कळतो.’ कळला मला हिशोब. मी म्हटलं, ‘बाबांचं बरोबर आहे.’ आणि आत जाऊन पिरोही तळत बसले. ब्लाउजवर तेल उडालं.

टेकडीवर कुणाला जावं लागलं? मलाच. ओडेसाच्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या बहिणीसाठी मतं मागितली मी. तिनं विचारलं, ‘तुला राग येत नाही, मिली?’ म्हटलं, ‘कशाचा राग? घरचीच आहे.’ ‘घरचीच आहे म्हणून तर विचारतेय,’ म्हणाली. पण दिली हो मतं. टेकडीनं आणि गोदीनं मिळून पेलला आडवा केला. आणि पलीकडच्या आयरिश गल्ल्या – बाबा म्हणाले होते तसंच झालं. पाटीवर कॅलहन नाव बघून म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, ‘आपल्या टॉमची बायको गं ती, अग्निशमन दलातल्या!’

टॉमची बायको. त्यांच्या लग्नाआधी टॉम त्याच तळघरात प्रत्येक शुक्रवारी मासे खायला यायचा, ईस्टरच्या आधीच्या उपासांत. सगळ्या रांगा सोडून मी वाढायचे त्याच रांगेत उभा राहायचा – कडेच्या काउंटरवर कुणी नसलं तरी माझ्याच. एक अख्खा हिवाळा तो आमच्या घरी येत होता. कुणासाठी? बाबांशी पत्ते खेळायला का? आयरिश पोरगा, आमचे कोबीचे पदार्थ गिळत बसायचा, तो काय कोबीसाठी? माझं टोपणनावही त्यानंच – जाऊ द्या. मार्चमध्ये रॉनी नर्सिंगचं शिक्षण संपवून घरी आली. एप्रिलमध्ये तो मला म्हणाला, ‘मिली, तुझ्या बहिणीला फुलं कुठली आवडतात गं?’ सांगितली मी. लायलॅक. खरीच सांगितली. म्हणजे बघा – ते नाव, कॅलहन, ज्या नावानं निवडणूक जिंकली – तुम्ही थांबलात का? काढा ना. मी काही रडत नाहीये.

तीनदा जिंकली ती. आणि काम चांगलं केलं, ते मी नाकारत नाही, कुणी नाकारेल तर मीच त्याचं थोबाड फोडीन. मग एका सकाळी माझ्याकडे आली, याच खोलीत, आणि म्हणाली, ‘बस झालं, मिली. आता तू. मी तुझ्या मागे उभी राहते.’ राहिली ना! दारोदार फिरली माझ्यासाठी. प्रत्येक दारात लोक तिला मिठ्या मारायचे आणि माझ्याशी हात मिळवायचे. पडले मी. हे कुणी सांगितलं नसेल तुम्हाला, सांगण्यासारखं नाहीच – नुसती पडले नाही, आपटले. टेकडी गेली. आमचा स्वतःचा वॉर्ड गेला. बाबा तेव्हा नव्हते, ते बरं. रॉनी हमसून हमसून रडली, आणि मीच तिला पाणी आणून दिलं! मी ओडेसाकडे गेले, म्हटलं, ‘तू तर म्हणाली होतीस, टेकडी माझी.’ ती म्हणाली, ‘मत मी तुलाच दिलं, मिली. पण बाकीच्यांचं काय सांगू? तू रस्ता मोकळा करतेस, आणि लोक वर येईपर्यंत निघून गेलेली असतेस. रॉनी थांबायची.’

तेव्हापासून मी – काय म्हणालात? जरा हसू का? तिच्यासारखं? तोंडासाठी फोटो आहेत ना तुमच्याकडे? खांदे सैल पडतात हसलं की, असं होय. बघते. असं? – नाही? हे असं? – नाही जमत हो. ते माझ्यात नाही. ते हवं होतं तर – 

गाडी थांबली का बाहेर? आज शुक्रवार, त्याचा माझ्याकडे यायचा वार. टॉम आला. अहो, हे आधी उतरवा, हा कोट – मागचा हूक काढा, माझा हात पोचत नाही – त्यानं मला यात बघायला नको, त्यानंच सुचवलं असलं तरी नको, पटकन, डावीकडचा, तो अडकतो – पावलं ऐकू येतायत, दार उघडंच आहे, तुम्ही चित्र भिंतीकडे – 

टॉम. ये ना.

काय म्हणालास? रॉनी?

नाही रे. मी आहे. मिली. कोट तिचा आहे, मी मिली आहे. रडू नकोस. इकडे ये, बस. मी आहे.

तुम्ही निघा आता. रंग राहू द्यात तसेच. निघा म्हटलं ना.