जावईबापूंचा चौकोन

दुसऱ्यांच्या कामात सतत सुधारणा सुचवायच्या, अशीही नोकरी असते बरं का. माझ्या भाचीच्या नवऱ्याची आहे. आधी मोटारींच्या कारखान्यात, मग हॉस्पिटलात, आणि गेल्या महिन्यात आले माझ्या पोळी-भाजी केंद्रात. खराडीच्या एका ऑफिसचं जेवण दोनदा उशिरा पोचलं होतं. तिसऱ्यांदा झालं तर ऑर्डर बंद, असं त्यांनी बजावलं होतं. मी सगळा धंदा कुणाला न विचारता शिकले, पण म्हटलं, बघू.

जावईबापूंनी जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवून परातीचा, डब्यांचा, पिंपाचा आणि कामाच्या प्रत्येक बाईचा चौकोन आखला. "कामाशिवाय कुणी आपल्या चौकोनाबाहेर जायचं नाही," म्हणाले आणि घड्याळ घेऊन स्वतः मधोमध उभे राहिले. सुमन डबे घेऊन निघाली की यांना वळसा, शेवंता कणीक घेऊन आली की यांना धक्का.

अकरा वाजले, साठ पोळ्या बाकी. जावयाला बोलू नये म्हणतात. मी बोलले.

"अहो, सगळ्यांना जागा दिलीत, तुमची कुठंय?"

"मी निरीक्षण करतोय, मावशी."

"ते कोपऱ्यातूनही दिसतं."

मी मोरीशेजारी चौकोन आखून त्यांना त्यात उभं केलं. नियम त्यांचाच, त्यामुळे बिचारे हलेनात. बायका हसत हसत भराभर लाटत सुटल्या आणि टेम्पो दहा मिनिटं आधी निघाला.

जावईबापूंनी चौकोनातूनच वहीत लिहिलं आणि मोठ्यांदा वाचलं, "मुख्य अडथळा सापडला. हलवला."

मग हळूच विचारलं, "मावशी, आता बाहेर येऊ का?"