हुकूमशहाच्या फोटोवरची फुली

"हॅलो?… हॅलो, विशू?… अगं मंदा, तू होय… काही नाही गं, मला वाटलं… असू दे. बोल."

शालनताई भिंतीतल्या प्लगशेजारी पाटावर बसल्या होत्या. चार्जरची वायर आखूड, त्यामुळे सकाळपासून बूड त्या पाटावरून हललं नव्हतं. फोन काढला आणि नेमका तेव्हाच बंद पडला तर? समोर मेथीची जुडी अर्धी निवडून पडली होती आणि त्यातली एकच काडी त्या कधीपासून बोटांत फिरवत होत्या.

"नाही, आज मी येत नाहीये… हो, माहितीये साडेपाचला आहे… अगं, विषय माझा नाहीये. दत्तप्रसादांनी काढला. मी फक्त नको म्हणाले नाही… ते काय, मान हलवली की होकार धरतात."

विषय मोठा होता. बलाढ्य देशाने शेजारच्या हुकूमशहाला उलथून टाकावं की टाकू नये? धायरीतला ज्येष्ठ नागरिक संघ दर महिन्याला एक चर्चा घेतो. मग हात वर होतात, ठराव होतो आणि तो रजिस्टर पोस्टाने ज्याचा त्याला जातो. मागचा ठराव भटक्या कुत्र्यांवर होता. तो महापालिकेत पोचला, कुत्री आहेत तिथेच आहेत. तरी या महिन्यात संघाने थेट जगच हातात घेतलं. कारण काय, तर त्या हुकूमशहाच्या देशात शालनताईंचा मुलगा विश्वजीत आहे, साखर कारखान्यात चीफ केमिस्ट. शेजारच्या देशाने सरहद्दीवर रणगाडे आणून ठेवलेत, आणि आपला हक्काचा माणूस तिथे असताना चर्चा करायची नाही म्हणजे काय!

"हो, हो… अगं ऐक ना. निघालाय तो… आज पहाटे. कारखान्याच्या गाडीने, विमानतळाकडे… मध्ये लष्कराचा एक नाका आहे, तो ओलांडला की सुटला… नाही ना, फोन लागतच नाही. बंद करून ठेवलाय त्याने. नेटही मधूनमधून घालवतात तिथे… आणि बोलायचं नाही काही फोनवर, ऐकतात म्हणे. आमचं ठरलंय, नाका ओलांडला की तो फक्त 'जेवलो' म्हणणार. मग मी समजायचं… हो ना, जीव टांगणीला लागलाय नुसता… नाक्यावर? नाक्यावर फोन उघडायला लावतात. एकेक फोटो बघतात…"

"…काय म्हणालीस?"

"थांब, थांब. परत सांग. कशाचा फोटो पाठवलास त्याला?"

"आपल्या फळ्याचा?"

शालनताईंच्या हातातली मेथीची काडी खाली पडली. संघाचा फळा मारुतीच्या देवळाजवळच्या कोपऱ्यावर असतो. संघाचे चिटणीस दत्तप्रसाद यांचं अक्षर मोत्यासारखं, आणि त्या अक्षराचा त्यांना गर्वही तेवढाच. आज त्यांनी नुसत्या अक्षरावर भागवलं नव्हतं. हुकूमशहाचा मोठा रंगीत फोटो छापून आणून फळ्यावर चिकटवला होता आणि त्याच्या तोंडावर लाल मार्करने या कानापासून त्या कानापर्यंत फुली मारली होती. तेवढं कौतुक कमी पडलं म्हणून मंदाकिनीने त्याचा फोटो काढून विशूला पाठवला. भोळी बाई. पोराला बरं वाटावं एवढाच तिचा हेतू.

"नाही, ओरडत नाहीये मी… नाही ओरडत गं… त्यांना मराठी येत नाही हे मलाही कळतं. फुली कळायला मराठी कशाला लागतंय? त्यांच्या साहेबाचं तोंड आहे ते!… मंदा, विशूकडे स्वयंपाकाला ती बाई येते, तिचं सांगितलं होतं ना तुला… हां, तीच. तिच्या नवऱ्याचं मासळीचं दुकान. साहेबाचा फोटो आलेल्या वर्तमानपत्रात मासे बांधून दिले त्याने. बस, एवढंच. गेल्या पावसाळ्यात शिपाई त्याला घेऊन गेले. अजून पत्ता नाही…"

"हो बाई, म्हणूनच त्या साहेबाला हाकलायला हवं. मी कुठे नाही म्हणतेय?… अगं पण ते रणगाडे काय फक्त त्याच्या बंगल्यावरून जाणारेत का? कारखाना रस्त्यातच आहे. त्या बाईचं घरही रस्त्यातच आहे… विशू सांगत होता, ती रात्री देवाला म्हणते, शेजाऱ्यांचे रणगाडे लवकर पाठव. आणि सकाळी पोरं शाळेला निघाली की म्हणते, आज नको पाठवू… मला काय विचारतेस बरोबर कोण? मला नाही माहीत. दमले गं मी या विषयाने. भाजीवालासुद्धा विचारतो, ताई, काय होणार तिकडे?… ते सगळं तू साडेपाचला बोल. आत्ता मला तो फोटो काढून हवाय."

"पहिलं सांग, एक टिक आहे की दोन?… फोन कानाला लावून कसं दिसेल? स्पीकरवर टाक… हां. आता बघ… एकच? नक्की एकच?… देवा रे, म्हणजे पोचला नाहीये अजून. ऐक आता. त्या फोटोवर बोट दाबून धर… दाबून धर, टिचकी नको मारूस… मोठा झाला? मग मागे ये… आता धर… वर केराची टोपली आली? दाब… घाई नको. काय काय विचारतोय ते मला वाचून दाखव आधी…"

"मंदा?… अगं, वाचून दाखव म्हटलं ना मी… काय दाबलंस?… 'डिलीट फॉर मी'?"

"…खाली 'अन्डू' असं काही दिसतंय का? लगेच दाब ते… गेलं?"

शालनताईंनी कपाळ भिंतीला टेकवलं. 

"नाही गं… तुझ्या फोनमधून गेला. त्याच्याकडे जायचा तो जाणारच… आता तर टिकही दिसायची नाही आपल्याला. पोचला की नाही, तेही नाही कळणार… नाही, रागावले नाही. खरंच नाही. रागवायला अंगात काही असावं लागतं… मंदा, रडू नकोस. तू रडायला लागलीस तर मी काय करू?… एक काम कर, चपला घाल आणि त्या फळ्याकडे जा. आधी तो फोटो खरवडून काढ. आणखी दहा जण मोबाईल घेऊन उभे असतील तिथे… दत्तप्रसादांना मी सांगितलंय म्हणावं. चिडले तर चिडू देत…"

"थांब. थांब, थांब. त्याचा येतोय. व्हॉट्सॲपवर येतोय… तू ठेवू नकोस, धरून थांब तशीच."

व्हॉट्सॲपवर फोन म्हणजे नेट सुरू झालं. नेट सुरू झालं म्हणजे फुलीवाला फोटोही पोचला. शालनताईंनी पदराने तोंड पुसलं, जणू तिकडून त्याला दिसणार होतं, आणि आवाज रोजच्यासारखा केला.

"हॅलो? विशू?… हो बाळा, येतंय ऐकू… जेवलास का?… अजून नाही. बरं… पंगतीला गर्दी आहे? किती जण आहेत पुढे?… एवढेच?… बरं, विशू, आता मी काय सांगते ते नीट ऐक. मंदामावशीने तुला शिरा पाठवलाय… अरे, शिरा. प्रसादाचा. आत्ताच पोचला असेल बघ… तो विटलाय. तू खाऊ नकोस, कुणाला देऊ नकोस, टाकून दे… कसला म्हणजे? मंदामावशीच्या डब्यातला! उघडून बघ…"

"…बघितलास?"

 तिकडून गाड्यांची घरघर तेवढी ऐकू आली. शालनताईंनी फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"अरे, मी आहे ना. टाक. आत्ताच्या आत्ता टाक… टाकलास?… आणि फ्रीजमधून?… ताटातला टाकलास तरी फ्रीजमध्ये राहतोच ना तो. आपोआप जाऊन बसतो तिथे. तूच शिकवलंस ना मला… हां. तिथूनही काढ… आणि फ्रीजला कचऱ्याचा डबा असतो बघ आतच, तोही रिकामा कर… झालं?… नक्की?… शहाणा माझा बाळ."

"आता बसतोस पानावर?… बस. सावकाश जेव. मान खाली घालून जेव, कुणाशी वाद घालू नकोस… मी इथेच आहे. पाटावरच… हॅलो?… विशू?… हॅलो?"

गेला. त्याने ठेवला की लाईन तुटली, कळायला मार्ग नव्हता. शालनताईंनी मंदाकिनीला परत घेतलं.

"हॅलो, मंदा… हो, तोच होता… काढला गं, काढला फोटो. चॅटमधून, गॅलरीतून, तिच्या कचऱ्यातूनही, सगळीकडून काढला… नाही, नाका अजून व्हायचाय. चारच गाड्या आहेत पुढे… आता का रडतेस?… मी? मी रडत नाहीये, सर्दी झालीये… पोचलीस फळ्यापाशी? फाडलास?… पूर्ण? मिशासुद्धा ठेवू नकोस मागे."

"कोण?… दत्तप्रसाद शेजारी उभेत?… काय पाहिजे त्यांना?… माझं मत? आत्ता?"

ठरावात प्रत्येकाचं मत यायला हवं, हा संघाचा नियम. भूकंप झाला तरी दत्तप्रसाद आधी हात मोजतील. शालनताईंना हसू आलं, रडूही आलं, आणि या दोन्हीतलं काहीच पुरतं झालं नाही.

"घ्या म्हणावं लिहून. जावा तो माणूस. आजच्या आज जावा, तोंड काळं करून जावा… हो, बाजूने लिहा. पण शेजाऱ्यांना म्हणावं, माझा विशू जेवेपर्यंत थांबा… हो, ठरावात! असंच्या असं लिहा, रजिस्टर करा आणि पाठवा…"

"…काय?… कुणाची पोरं?… त्या बाईची?"

मंदाकिनीने विचारलं होतं ते साधंच होतं: विशू जेवला की मग त्या पोरांचं काय? शालनताईंनी खाली पडलेली मेथीची काडी उचलली, तिचं एकेक पान खुडलं.

"ते मला नको विचारूस, मंदा. मला नाही माहीत… खरंच नाही माहीत गं… ठेव आता. फोन मोकळा हवाय मला."