हात मागे

थेरपिस्ट: हात मागे घ्या, दादा. शाळेत बाई उभं करायच्या ना, तसे पाठीमागे.

दादा: मी कुठं काय केलं, मॅडम? नुसता जवळ उभा आहे.

धाकटा: नुसता म्हणे! माझ्या काखेत हात घालून उभा आहे.

दादा: पडलास म्हणजे?

धाकटा: दुकानाची पाटी लावताना शिडीवरून पडलो, तेवढं पुरे झालं की एका जन्माला. आता चाकाच्या खुर्चीतून पलंगावरच जायचंय. दीड हात.

थेरपिस्ट: गप्पा नंतर. शनिवारी घरी जायचंय ना? मग आधी कुणाच्या मदतीशिवाय पलंगावर जाऊन दाखवा, त्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही. ब्रेक?

धाकटा: लावले.

थेरपिस्ट: फळी?

धाकटा: मांडीखाली सरकवली. दादानं केलीय, मॅडम. पाटीचं उरलेलं लाकूड. चार दिवस घासत बसला होता. वहिनी म्हणाली, आता जेवायला उठा, नाहीतर त्या फळीलाच वाढते.

थेरपिस्ट: छान गुळगुळीत झालीय. आता पुढं वाका. डोकं उजवीकडं न्या, म्हणजे बूड डावीकडं जाईल. हातांवर जोर द्या. उचला, सरका. थोडं थोडं... दादा!

दादा: अहो, कलंडत होता तो!

थेरपिस्ट: कलंडू देत. मी पुढं उभी आहे ना? तीन आठवडे हेच चाललंय. हे अर्ध्यावर आले की तुम्ही उचलून ठेवता. वय काय तुमचं?

दादा: बावन्न.

थेरपिस्ट: उद्या तुमची कंबर धरली, की यांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

दादा: जमेल तोवर उचलीन. मीच तर...

धाकटा: बोल की. मीच तर काय?

दादा: काही नाही.

थेरपिस्ट: पहिल्या महिन्यात नातेवाइकांना कुशीवर वळवायला शिकवत होते मी. मान, पाठ, पाय एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसं. तुम्ही मध्येच उठून गेलात. मला वाटलं, चहाला गेलात.

दादा: कसला चहा! बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. तुम्ही सांगत होतात, पडलेल्या माणसाला जागचं हलवायचं नाही, मान धरून अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघायची. आणि मी याला काखेत हात घालून उचलला, मॅडम. पोतं उचलावं तसा. रिक्षात बसवला. बसवला! आधी हा म्हणत होता, पायांना मुंग्या आल्यात. मुंग्या येत होत्या म्हणजे पाय जिवंत होते ना? आणि रिक्षात विचारतो, दादा, माझे पाय आत घेतलेस का?

थेरपिस्ट: पडल्यामुळं किती झालं आणि उचलल्यामुळं किती वाढलं, हे आज कुणालाच सांगता येणार नाही, दादा.

दादा: उचलल्यानं काही झालं नाही, असं नाही म्हणालात तुम्ही.

थेरपिस्ट: नाही म्हणाले. खोटं कशाला बोलू?

धाकटा: मॅडम, जरा थांबू या. दादा, पुढं ये. माझ्या समोर. मी पडलो तेव्हा कोण कोण होतं?

दादा: अख्खा बाजार होता.

धाकटा: आणि आपल्याच धंद्यातला, पलीकडच्या गल्लीतला तो पाटीवाला. फोन काढून शूटिंग करत होता, दात काढत. मी तुला काय म्हणालो?

दादा: तू नुसता विव्हळत होतास.

धाकटा: म्हणालो, दादा, उचल मला, लोक बघतायत. तू म्हणालास, पडून राहा जरा. मग मीच खेकसलो तुझ्यावर. तमाशा करू नकोस, उचल.

दादा: मला नाही आठवत.

धाकटा: आठवतंय तुला. खोटं बोललास की कान चोळतोस.

दादा: तू म्हणालास म्हणून काय झालं? मोठा मी होतो. अक्कल मला हवी होती.

धाकटा: आठ महिने तू रोज येऊन माझे पाय चेपतोस. त्यांना काही कळत नाही, तरी चेपतोस. आणि मी वर बघत पडून राहतो. आज सांगू, उद्या सांगू. दोष तुझ्या माथी होता तोवर माझी चूक मला बघावी लागत नव्हती रे. फार वाईट वागलो मी.

दादा: गप. मॅडम ऐकतायत.

धाकटा: ऐकू देत. जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस तू. रंग कुठला, अक्षर केवढं, शिडी कुठं टेकवायची, सगळं तूच ठरवणार. नेमकं त्या दिवशी ऐकलंस.

(थेरपिस्ट वाकून खुर्चीचे ब्रेक पुन्हा तपासते.)

थेरपिस्ट: आज राहू द्यायचं का? उद्या करू.

धाकटा: नाही. आत्ताच. डोकं उजवीकडं...

थेरपिस्ट: हं. उचला, सरका. अजून एकदा. बघा, फळीच्या मध्यावर आलात.

दादा: मॅडम, कलंडतोय तो.

धाकटा: माहितीये मला. दादा, अजून एकदाच माझं ऐक.

दादा: काय?

धाकटा: उचलू नकोस.