शिट्टीतली उसंत

बंदूक आत नको, कठड्याला टेकव — हां, तिथंच. आणि बस. माझ्या जमिनीवर कोल्हे मारायच्या परवानगीचं नंतर बघू, आधी चहा घे. हो, कढतच. बेचाळीस अंशांत गारढोण पितात ते शहरातले, आणि दुपारपर्यंत माना टाकतात. तुझा जोडीदार कुठंय म्हणालास? खाली ओढ्यापाशी? मला न विचारता? ‘नुसती शिट्टी वाजवून बघतोय’ — वा रे वा! दुसऱ्याच्या घरात शिरून नुसतं पातेल्यावरचं झाकण उचलून बघावं, तसं! नाव काय त्या शहाण्याचं? नेव्हिल. आणि पायांत काय घातलंय नेव्हिलसाहेबांनी? — सपाता? जानेवारी म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा, ओढ्याकाठी गुडघाभर वाळलेलं गवत, आणि हा सपाता घालून कोल्हे बोलावतोय! चाळिशी उलटली ना रे तुमची?

ऐक. वाजतेय त्याची. तीन किंकाळ्या… आता गप्प. बरी वाजवतो, कुणीतरी शिकवलंय. ती उसंत महत्त्वाची असते. ससा मरताना ओरडतो तशी तीनदा किंकाळी काढायची, मग शंभर अंक मोजायचे — सावकाश. नवशिके फुंकत सुटतात. अरे, कोल्हा किंकाळीला नुसता कान टवकारतो. उठून येतो ती थांबल्यावर. या दिवसांत कोल्हे लांब नसतातच. ओढ्याकाठच्या विलोच्या झाडांच्या मुळांत, काटेरी जाळीत, सावलीला जीभ काढून पडलेले असतात. यंदाची पिल्लं नुकती आईपासून सुटलेली, अडाणी — ती तर धावत येतात. दया नाही येत मला. जिवंत कोकराची जीभ खाल्लेली बघितलीस कधी? मग बोलू नकोस.

मला कुणी शिकवलं? कुणी नाही! बाप म्हणायचा, मुलीच्या जातीनं शिट्टी वाजवू नये. मी मुरांब्याच्या डब्याचं झाकण दुमडलं, खिळ्यानं आरपार भोक पाडलं, आणि मेंढ्यांच्या गोठ्यामागे बसून ओठांतून रक्त येईपर्यंत फुंकलं. पुढे क्लॅरीला — धाकटा भाऊ माझा — त्यालाही मीच शिकवलं. शिट्टी माझी, चाल माझी, उसंतही माझीच. तो श्वास कुठं घेईल तेसुद्धा मला ठाऊक असायचं. त्याचा हात कापायचा, म्हणून शिट्टी त्यानं वाजवायची आणि बंदूक मी धरायची. नियम एकच — शिट्टी चालू आहे तोवर हलायचं नाही. कानात मुंगी शिरू दे, घाम डोळ्यांत जाऊ दे, हलायचं नाही.

घे की अजून चहा. बस. त्याला काय घाई आहे?

चौतीस वर्षं झाली. असाच उन्हाळा. मी त्या टेकाडावर — दिसतंय ना, दोन दगड आहेत तिथं — आणि क्लॅरी खाली ओढ्याकाठी, गवतात. वारा माझ्याकडून त्याच्याकडे. त्याला साप चावला. तपकिरी, इथं तोच असतो. साप चावला की विष भरभर चढू नये म्हणून निपचित पडून राहायचं, हे आमच्याकडे पोरांना बोलता यायच्या आधी शिकवतात. पडून राहिला बिचारा. ओरडलाही असेल, उलट्या वाऱ्यात ओरडणं कुठलं पोचतं? शिट्टी पोचते. मग तो शिट्टी वाजवत राहिला — मी यावं म्हणून. आणि मी हलले नाही. शिट्टी चालू होती ना! तो तिकडे निपचित, मी इकडे निपचित. असं सांगितलं मी पोलिसांना. म्हणाले, बाई, तुमचा दोष नाही.

नव्हताच.

म्हणजे — उसंत नव्हती रे त्यात. तिथंच कळायला हवं होतं. किंकाळीवर किंकाळी, मध्ये श्वासाचीही जागा नाही. मीच शिकवलेला माणूस असा का वाजवेल? मी शंभर मोजले. परत मोजले. मग एक कोल्ही निघाली जाळीतून आणि थेट त्याच्याजवळ जाऊन बसली, दहा पावलांवर. बसली! गवतावर तिचे कान दिसत होते, आणि मान खाली करून ती काहीतरी बघत होती. हलत्या माणसापाशी कोल्हा बसतो का? तू सांग. नाही बसत. मला कळलं होतं. तिसऱ्या शंभराच्या आत कळलं होतं.

बघतोस काय असा? त्या दिवशी सकाळी, याच टेबलाशी, पावाला लोणी लावता लावता क्लॅरी म्हणाला — मी लग्न करतोय, तू गावात खोली बघ. मी! या जमिनीत माझी हाडं झिजली, आणि बापानं कागद केला त्याच्या नावानं. मी उठणार होते रे. एवढे शंभर झाले की उठते, असं म्हणत होते. त्या कोल्हीवर नेम धरून नुसती बसून राहिले. मग शिट्टी थांबली, आणि ती कोल्ही उठून आणखी जवळ गेली.

हे मी आजवर कुणाला… तुला कशाला सांगतेय मी?

बोलू नकोस. नेव्हिलची शिट्टी ऐक. मोज. — आहे का उसंत? नाही. मघापासून नाही. तुझा दुसरा कप ओतला ना, तेव्हापासून नाही. ऐकली मी. म्हातारी आहे, बहिरी नाही… तेव्हाच उठणार होते, एवढे शंभर झाले की — अरे, बसलास काय! ऊठ! पळ! तो पाण्याचा कॅन घे, ती चादर घे, फाडून पायाला गच्च गुंडाळ, खालपासून वरपर्यंत, आणि त्याला चालवू नकोस! गाडी थेट गवतात घाल. फोन इथं लागत नाही, फाटकापाशी लागतो. मी? मला नको ओढूस. शिट्टी चालू असली की माझे पाय उचलत नाहीत, चौतीस वर्षं झाली, उचलतच नाहीत — जा ना बाबा, माझ्याकडे काय बघतोस, जा —

थांब.

थांबली.