गच्चीवरचं गवत

लग्नानंतर ऑफिसात माझी पहिली फजिती झाली ती नवऱ्याच्या मायेमुळे. वणवा कुठे किती पसरेल याचे नकाशे करणं हे माझं काम. त्यासाठी जंगलातलं गवत कापून आणायचं, पार वाळवायचं, मग तोलायचं. शिंदे की छावनीतल्या आमच्या गच्चीवर मी ते परातींत पसरलं. ग्वाल्हेरचं एप्रिलचं ऊन, तरी वजन उतरेचना!

साहेब वैतागले, "मॅडम, ये घास है या स्पंज? कल सही वज़न दीजिए, नहीं तो आपका इलाका नक्शे से बाहर."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गच्चीवर गेले. समोर किल्ला झोपेत तरंगल्यासारखा दिसत होता, आणि आमचे हे झारीनं माझ्या गवतावर हलकेच पाणी शिंपडत होते.

"अहो, हे काय?"

"सूख रही थी बेचारी. तू इतकं जपून आणलंस, मला वाटलं जगवायचंय."

"विचारायचं तरी!"

"तू कुठे कामाचं काही बोलतेस? म्हटलं, आपणही गुपचूप करावं."

मी परातीतलं मूठभर ओलं गवत उचलून झटकलं.

"आता साहेबांना काय सांगशील?" त्यांनी घाबरत विचारलं.

"सांगते, इस जंगल में आग लग ही नहीं सकती. रोज सकाळी एक माणूस पाणी घालतो."